केबलला थोडी ढील

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि माझ्या ग्रीसच्या बोटांनी इतक्या वेळा हाताळून झालं, की आता ते तुझं कमी आणि माझं जास्त दिसतं. सायकलीचे भाग बनवणाऱ्या तुझ्या कंपनीने तुला तपासणीच्या टेबलावर बसवलं हे वाचून ऊर भरून आला. ज्या भाचीने माझ्या शेडमध्ये पहिलं चाक उघडलं आणि आतल्या सगळ्या गोळ्या जमिनीवर सांडून, हे असंच असतं का, म्हणून मलाच विचारलं, ती आता दुसऱ्यांच्या मालावर बरा-वाईट शिक्का मारते! तुझ्या आईला सांग, लहानपणी पोरीचे कपडे काळे केले म्हणून माझ्याशी भांडायचीस, आता बोल.

मुद्द्याचं लिहिते. मालकीणबाईंनी मनावर घेतलंय की हंगाम सुरू व्हायच्या आत भाड्याच्या सगळ्या डोंगरी सायकलींना ते खटक्यावर खाली-वर होणारे सीटचे दांडे बसवायचे. तुम्ही ड्रॉपर म्हणता, मी आपलं उठबस्या म्हणते. बाईंचं म्हणणं चूक नाही. चढाला सीट उंच लागते, उताराला खाली. आजवर गिऱ्हाइकाने माथ्यावर थांबायचं, उतरायचं, नट सैल करून सीट खाली घ्यायची. निम्मे विसरतात, उंच सीटवर बसून उताराला लागतात आणि पुढच्या चाकावरून माती चाखून येतात. अंगठ्याने खटका दाबला की सीट खाली, पुन्हा दाबला की वर, हे झालं तर माझं मलमपट्टीचं काम तरी कमी होईल.

पण कोणता घ्यायचा ते मी ठरवायचं आहे. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुमच्या शब्दावर घेते. आता हा मान म्हणायचा की गळ्यातला धोंडा, ते हंगाम संपल्यावर कळेल. दांडे टिकले तर मी आहेच. नाही टिकले तर त्यांचा पुतण्या नव्या माणसाचं नाव घेऊन बसलाच आहे, आणि शेडमागची ही खोली नोकरीबरोबर आली तशी नोकरीबरोबर जाईल.

आणि माझ्या कानांचं तुला एकटीला माहीत आहे. डावा केव्हाच गेला होता, यंदा उजव्यानेही रजा घेतली, ती बिनपगारी आणि कायमची. शेडमध्ये कॉम्प्रेसर घुमत असतो म्हणून सगळेच ओरडून बोलतात, मी ओठ वाचते, आणि बाईंना वाटतं म्हातारी जरा विसरभोळी आहे. विसरभोळी चालते गं, बहिरी चालत नाही. वरून सुसाट येणारी सायकल ओरडून सांगते, बाजूला व्हा. जिला ते ऐकू येत नाही तिला उताराच्या तोंडाशी कोण उभं करील? बाईंच्या जागी मी असते तर मीही नसतं केलं.

म्हणून तुला विचारते. मी नळीत काठी घालून पाहिली. आपल्या फ्रेमची नळी पाण्याच्या बाटलीच्या खिळ्यापाशी वाकते, दांडा तिथवरच जाणार. तेव्हा फार लांब उडीचा, म्हणजे फार खाली-वर होणारा, उपयोगाचा नाही, मध्यम हवा. बाकी जाहिराती सगळ्याच गोड. भाड्याची सायकल म्हणजे परक्याचं चंदन, येईल तो घासतो. अशा घासणीला कोणता दांडा टिकेल ते खरं खरं लिही.

तुझी,
मावशी

~

११ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

पत्र वाचून हसू आलं. उठबस्या हे नाव मी इथे सगळ्यांना सांगितलं, साहेबांनाही.

तुला फार शोधायला नको. आमचाच घे. आत हवा आणि तेल भरलेली बंद नळी असते, त्यामुळे सीट लोण्यासारखी खाली जाते आणि झटक्यात वर येते. मध्यम उडीचा तुझ्या नळीत बरोबर बसेल, मापं मी ताडून पाहिली. मी स्वतः त्या खेपेवर शिक्का मारला आहे, म्हणजे तुझ्याच हाताखाली शिकलेल्या हाताने. गोदामात त्या खेपेचा माल शिल्लक आहे. जुना नव्हे, नुसता राहिलेला. साहेब तुमच्या शेडला सवलतीत द्यायला तयार आहेत.

तुला म्हणून सांगते, कंपनी या वर्षी स्वतःचा शर्यतीचा संघ उभा करते आहे. बायकांमध्ये एकच जागा आहे. साहेब म्हणाले, तुझ्या ओळखीने डोंगरावरची शेड आपल्याकडे आली तर वरच्यांपुढे तुझं नाव घ्यायला मला तोंड राहील. तेव्हा यात तुझंही भलं आणि माझंही.

कानांची काळजी करू नकोस. तू कुणाला बोलू नकोस, मी तर मेले तरी बोलणार नाही.

तुझी,
भिंगरी

~

२८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खोकी आली, उघडली, आणि शेडमध्ये जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. पहिला दांडा बसवून मी खटका दाबला आणि सीटवर टेकले तर सीट अशी अलगद खाली गेली, की वाटलं कुणीतरी आदराने बसतं करतंय. या वयात मला इतक्या अदबीने कुणी बसवलं नव्हतं. तिकिटं फाडणारा गडी तर दिवसभर येता-जाता सीटवर उठाबशा काढत होता. शेवटी मी त्याला पाना दाखवला.

सगळ्या सायकलींना बसवून झाले. पाठ मोडली, पण काम देखणं झालंय. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या हसल्या की त्यांचे ओठ वाचता येत नाहीत, पण काहीतरी चांगलंच म्हणाल्या असणार.

एक खडा मात्र घासात लागला. काम झाल्यावर मी सगळ्या सीटा दाबून खाली केल्या आणि सायकली आकड्यांना टांगल्या. सकाळी पाहते तर कितीतरी सीटा दोन बोटं वर आलेल्या. कुणी खटक्याला हात लावला नव्हता, किल्ली माझ्या कमरेला होती. मी पुन्हा दाबल्या, दुपारी पुन्हा तेच. आता चढावर सीट खाली बसली तर माणूस शिव्या देईल आणि पुढे जाईल. पण उतारावर, मागे सरकून, अंग सीटच्या मागे टाकून माणूस चाललेला असताना खालची सीट आपणहून वर आली, तर ती त्याला पुढे फेकील. शिव्या द्यायलाही तो उरायचा नाही.

याला काय म्हणायचं? तू तपासताना असं कधी दिसलं का?

मावशी

~

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

दिसलं नाही, पण का होतं ते मला इथे बसून सांगता येतं. तू खटक्यापासून दांड्यापर्यंतची केबल ब्रेकसारखी ताणली आहेस. खरं की नाही? तुझ्या हाताखाली मी हेच शिकले: केबल अशी ताण की बोटाने छेडली तर वाजली पाहिजे. ब्रेकला ते ठीक. या दांड्याला नाही. केबल ताठ असली की आतली झडप किंचित उघडी राहते, आणि सीट आपली आपण चढते. दोष मालात नाही, सवयीत आहे. केबलला थोडी ढील दे, खटका अंगठ्याखाली जरासा लुळा लागला पाहिजे.

तरीही शंका उरली तर आतली हवा अडवणारं रबरी सील तपास. सीट खाली दाब आणि दांड्याच्या गळ्यापाशी, जिथे बारीक दांडा जाड नळीत शिरतो तिथे, कान लाव. सील गळत असेल तर फुस्स असा बारीक आवाज येतो. आवाज येत नसेल तर माल ठीक आहे असं समज.

घाईत आहे. निवडीच्या शर्यती तोंडावर आल्या.

भिंगरी

~

९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

केबलचं तू बरोबर पकडलंस. चोर घरातच निघाला. जन्मभर ताणत आले, आता हात सैल सोडायला शिकते आहे. सगळ्यांना ढील दिली. फरक पडला, दोन बोटांचं एक बोट झालं. काही सीटा अजिबात हलेनात. पण काही अजून चढतातच.

आणि तू मला कान लावायला सांगितलंस! आंधळ्याला आरसा दाखवायची ही तुझी खोड जुनीच. घाईत लिहिलंस, ध्यानात राहिलं नसेल. मी हसले. पण मग विचार केला, कान नाही तर नाही, दुसरं काय आहे आपल्याकडे? खालचा ओठ ओला केला आणि दांड्याच्या गळ्याला टेकवला. ज्या सीटा चढत नाहीत तिथे काही नाही. ज्या चढतात तिथे ओठाला गार लागलं, सुईच्या टोकाएवढं, सुटं सुटं. तेलाची चवही आली, ती सांगत नाही कशी होती.

माझ्या मते सील गळतंय, भिंगरी. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच दांड्यांचं.

दुसऱ्या कुणाला कान लावायला सांगावं म्हटलं तर तो पहिला प्रश्न विचारील, तुम्हीच का नाही लावत? तिकीटवाल्या गड्याच्या पोटात तर पाणीसुद्धा राहत नाही. म्हणजे माझं लपवायचं तर सीलचंही लपतंय, अशी गाठ बसली आहे. तू ये. एक दिवस ये, तुझे कान लाव आणि मला सांग. तू गळतं म्हणालीस तर मी बाईंना सांगून सगळा माल परत पाठवते. हंगाम उशिरा सुरू होईल, बाई चरफडतील, पण तोंड दाखवायला जागा राहील.

मावशी

~

१३ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

मला येता येणार नाही. या महिन्यात मी एक दिवस जरी सराव चुकवला तर जागा दुसरीला गेली म्हणून समज.

लोखंडाला ओला ओठ लावला तर गार लागणारच. तू थंडीत खिडकीच्या गजालाही ओठ लावून बघ, तोही गळतो म्हणशील. राग मानू नकोस. आई परवाच म्हणाली की अलीकडे मावशीला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, वय झालं की होतं असं. मी तुझ्या बाजूने भांडले.

माल परत आला तर काय होईल ते सांगते. साहेब पहिला प्रश्न विचारतील, यावर शिक्का कुणाचा? शिक्का माझा. टेबल जाईल, संघातली जागा जाईल. मला एकदा सगळं शिकवून झाल्यावर तू म्हणाली होतीस, आता तुझा हात तो माझा हात. मग माझ्या हातावर तुझा भरवसा नाही का? एवढंच सांग. नसेल तर पाठव परत.

भिंगरी

~

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,

भरवसा आहे.

बाईंना सांगितलं, माल चोख आहे, माझा शब्द. उद्यापासून डोंगर उघडतोय. मी रोज सकाळी सगळ्या सीटा दाबून बघीन, चढणाऱ्या असतील त्या मागच्या रांगेत ठेवीन. तू सराव कर. गुडघ्यांना जप.

मावशी

~

७ मे

चि. भिंगरीस,

वाईट झालं.

एक शिक्षिका आल्या होत्या, चार मैत्रिणींबरोबर. गर्दी होती, पुढची रांग संपली होती, तिकीटवाल्याने मागच्या रांगेतली सायकल काढून दिली. मी चाक भरत होते, माझी पाठ होती. बघितलं असतं तर दिली नसती. दगडांच्या उतारावर सीट वर आली. मैत्रीण मागून येत होती, तिने डोळ्यांनी पाहिलं. ती म्हणते, खालून कुणी लाथ मारावी तशा त्या उडाल्या. खांद्याचं हाड मोडलं, कंबरेचंही. आता त्या पुन्हा फळ्यापुढे उभ्या राहतील का, तेच कुणी सांगत नाही.

मी दवाखान्यात गेले होते. त्या भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलल्या, बराच वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवत राहिले.

बाईंनी सगळ्या सायकली बंद केल्या. तुमच्या कंपनीला कळवलंय की माणूस पाठवून दांडे तपासा, दोष तुमचा निघाला तर शिक्षिकाबाईंचा सगळा भार तुम्ही उचला. मी तुझं नाव अजून घेतलेलं नाही. पण तूच ये. तू कान लावशील तर मिनिटात कळेल, आणि तूच आपण होऊन म्हणालीस तर तुझीही लाज राहील. चूक कबूल केलेल्या माणसाला कुणी फाशी देत नाही.

मावशी

~

१० मे

ती. मावशीस,
सा. न.

आम्ही दोघं येतो आहोत, साहेब आणि मी. मंगळवारी.

तू काही बोलू नकोस, विशेषतः ते ओठाचं. साहेबांना हसू येईल आणि तुझंच वजन कमी होईल. दांडे आम्ही बघू. तू खिडकीपाशी उजेडात उभी राहा, मी तुझ्यासमोरच असेन, म्हणजे तुला माझे ओठ दिसतील आणि कुणाला काही कळायचं नाही. आणि कॉम्प्रेसर बंद ठेव. साहेबांना गोंगाट सोसत नाही.

तुझी,
भिंगरी

~

१६ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलीस आणि छातीवरचा धोंडा उतरला. किती वाळली आहेस गं! पण दंडांत ताकद आली आहे, माझे हात धरलेस तेव्हा कळलं. सांगितल्याप्रमाणे मी खिडकीपाशी उभी राहिले आणि तूही शब्द पाळलास, एक क्षण नजर हलवली नाहीस. आईचे गुडघे, घरात आणलेला नवा सोफा, शेजारणीचं भांडण, कुठे कुठे नेलंस मला! मला कळत होतं, मी घाबरू नये म्हणून बोलतेस. साहेब आणि बाई माझ्या पाठीमागे दांडे बघत फिरत होते, मला वळून बघायची इच्छा होत होती, पण म्हटलं, तू आहेस ना.

तुझे साहेब मोठ्या मनाचे वाटले. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्याच घरी काही वाईट घडलंय. मी त्यांना म्हटलं, शिक्षिकाबाईंचं बघा. त्यांनी मान हलवली.

तुम्ही गेल्यावर आवरायला घेतलं, तर मोठा पाना जमिनीवर पडलेला, माझ्या टाचेपासून हातभर मागे. फरशीचा टवका उडालाय. कुणाच्या हातून निसटला कोण जाणे. पुसून जागेवर ठेवला.

दांडे ऐकलेस ना? काय निघालं? बाई त्या दिवसापासून माझ्याशी फार हळू वागतात. चहा स्वतः आणून देतात. बोलताना मात्र तोंड फिरवतात, म्हणून काही कळत नाही. तू लिही लवकर.

मावशी

~

२ जून

ती. मावशीस,
सा. न.

पत्राला उशीर झाला. एव्हाना तुला बाईंनी सांगितलंच असेल, म्हणून उगाच आडून बोलत नाही.

साहेबांनी मला निघायच्या आधी सरळ विचारलं की ज्या बाईने दांडे बसवले तिला सीलचा आवाज ऐकू आला नाही का? मी काय सांगणार होते? मी फक्त विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. खोटं बोलायला तूच शिकवलं नाहीस. साहेब म्हणाले, मग बाईंना दाखवून देऊ. ते मागून तुला हाका मारत होते. चांगल्या मोठ्याने. मग त्यांनी पाना टाकला. बाईंनी कान झाकले इतका आवाज झाला. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू मला सोफ्याचा रंग विचारत होतीस.

खरं सांगते मावशी, मला वाटत होतं तू वळावंस.

कंपनीचं म्हणणं आता असं आहे: गळती बसवताना झाली, आणि ऐकू येणाऱ्या कुठल्याही माणसाला ती पहिल्याच दिवशी कळली असती. बाईंनी ते मानलं. शिक्षिकाबाईंचं तुमच्या शेडच्या विम्यातून बघतील. तुला कुणी कोर्टात खेचणार नाही, तेवढं मी साहेबांकडून कबूल करून घेतलं. आणि आज ना उद्या हे उघडं पडणारच होतं. एखाद्या दिवशी वरून येणाऱ्या सायकलीने तुला उडवलं असतं. आई म्हणते, झालं ते तुझ्या भल्याचंच झालं.

संघात माझी निवड झाली. पहिली मोठी शर्यत पुढच्या महिन्यात आहे, सगळा उतार, ओले दगड, झाडांची मुळं.

एक विचारायचं होतं. इथे कुणाला विचारता येत नाही. माझ्या स्वतःच्या सायकलीला कोणता दांडा बसवू? आमचा नको. दुसऱ्या कंपनीचा खुशाल बसव, वरून आपलं स्टिकर लाव म्हणजे झालं, असं साहेबच म्हणाले. तू इतक्या सायकली हाताळल्यास, इतक्या जणांचे दांडे उघडलेस. तुझ्याइतकं खरं दुसरं कुणी सांगणार नाही.

तुझी,
भिंगरी

~

१४ जून

चि. भिंगरीस,

तुझं पत्र शेडच्या पत्त्यावर गेलं, तिथून फिरत इथे आलं. मी आता एका शिंप्याच्या वर राहते. खाली त्याची मशीनं सुरू झाली की मला तळपायांना कळतं, बंद झाली की तेही कळतं. दिवस कळायला तेवढं पुरतं.

बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. त्या नुसता चहा आणत राहिल्या. महिना संपला तेव्हा समोर बसल्या, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "तुम्ही मला बहिरी आहे म्हणून सांगितलं असतं, तर मी तुम्हाला ठेवलं असतं. माल चोख आहे म्हणून सांगितलंत, ते मला सोसत नाही."

मी त्यांना तुझ्या शिक्क्याचं सांगितलं नाही. ओठाचंही नाही. शब्द माझा होता. मला गार लागलं होतं आणि मी भरवसा आहे असं लिहिलं. त्याची शिक्षा त्या शिक्षिकाबाई भोगताहेत, मी नाही, तेव्हा माझी कीव करू नकोस. त्यांच्याकडे मी पुन्हा गेले होते. या वेळी त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. काय म्हणाल्या ते नीट कळलं, ते तुला लिहीत नाही.

शेडमध्ये बाईंचा पुतण्या त्या नव्या माणसाला घेऊन आला आहे. तुमचेच दांडे त्याने सगळे पुन्हा बसवले, केबल छान ताणून. मी वाटेत त्याला थांबवून सांगायला गेले, त्याने आधी माझ्याकडे बघून हाताने कानाची खूण केली आणि मग इतरांकडे बघून हसला. मी पुढे गेले.

आता तुझ्या प्रश्नाचं. कामाचं विचारलंस तर मला खोटं सांगता येत नाही, म्हणून नीट वाच.

तुझी मांडी लांब आहे आणि तुझ्या फ्रेमची नळी सरळ उभी आहे, तेव्हा लांब उडीचा घे. आधी नळीत काठी घालून कुठवर मोकळी आहे ते बघ. तिच्या तळापासून बोटभर जागा सोड, केबलला वळायला लागते. बंद नळी नको. घ्यायचीच तर ज्याची आतली नळी सुटी विकत मिळते आणि घरी बदलता येते असाच घे. ज्या कंपनीला आपला माल उघडलेला आवडत नाही, तिला त्यात काय आहे ते माहीत असतं. स्प्रिंग असलेला जड येतो, पण ओल्या दगडांवर तो तुला दगा देणार नाही. गळ्याची चकती हाताने फिरून सुटली पाहिजे, म्हणजे शर्यतीनंतर चिखल पुसून तेल घालता येईल. विकत घेताना सीट धरून डावी-उजवीकडे हलव. किंचित हलली तर घे. अजिबात न हलणारा दुकानात बरा दिसतो, चिखलात अडकतो. नळीबाहेरचा क्लॅम्प, म्हणजे दांडा धरणारं कडं, फार आवळू नकोस, नुसतं धरू दे. जास्त आवळलास तर आतला दांडा चिमटतो आणि वर यायचा विसरतो. खटका असा बसव की अंगठा न शोधता सापडला पाहिजे. केबलला थोडी ढील दे. ते तू बरोबर सांगितलं होतंस.

बसवल्यावर सीट दाबून एक रात्र ठेव. सकाळी एक बोटभर जरी वर आली तरी त्यावर बसू नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि गळ्यापाशी कान लाव. तुला कान आहेत.

शर्यत जिंकशील. उताराला तुझ्याइतकी न घाबरणारी पोर मी पाहिली नाही. आता कळतं, का घाबरत नव्हतीस. पडणारा दुसराच कुणी असतो.

आईला सांग, मी तिच्याकडे राहायला येणार नाही. सोफा तिने बसायला आणला आहे, बसावं.

यापुढे पत्र पाठवू नकोस. पत्रातलं मला सगळं ऐकू येतं, तू लिहीत नाहीस तेसुद्धा. तरी कधी मावशीशी बोलावंसं वाटलंच, तर फोन कर.

मावशी